वाटेवरचे क्रूस

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडे डार्टमूर नावाचं उघडंबोडकं माळरान आहे. मधूनमधून दलदल, आणि धुकं उतरलं की चार पावलांवरचं दिसत नाही. मध्ययुगात या माळाच्या एका अंगाला बकफास्टचा मठ होता, दुसऱ्या अंगाला टॅव्हिस्टॉकचा. ये-जा करणाऱ्याला वाट सापडावी, देवाचं नावही घेता यावं, म्हणून तिथे ग्रॅनाइटचे क्रूस उभे राहिले.

त्यांतला थोरला म्हणजे नन्स क्रॉस. सात फुटांहून उंच, अंगाने रांगडा. १२४० साली तिसऱ्या हेन्री राजाच्या हुकमावरून सरदारांनी इथल्या राजवनाची शीव फिरून ठरवली. त्या नोंदीत हा ‘सिवर्डचा क्रूस’ म्हणून सापडतो, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही पन्नास वर्षं आधी! पुढे तो पडला, मोडला. एकोणिसाव्या शतकात लोखंडी पट्ट्या ठोकून त्याला पुन्हा उभा केला. वॉरन हाउस इन या खाणावळीजवळचा बेनेट्स क्रॉस तर चांगलाच कललेला आहे, आणि त्याच्या अंगावर ‘डब्ल्यू’ आणि ‘बी’ ही अक्षरं कोरली आहेत. ती सशांच्या कुरणाची हद्द दाखवणारी! धर्माच्या खुणेवर सशांचा सातबारा. मला यात विटंबना दिसत नाही; कामाला आला म्हणून दगड टिकला. कॉर्नवॉलात कित्येक क्रूस शेताच्या फाटकाचे खांब झाले, ते मात्र जागेवरून उखडले गेले.

इंग्लंडात असे साडेतीनशेहून अधिक वाटेवरचे क्रूस ठाऊक आहेत. प्राचीन वास्तूंचा पहिला कायदा १८८२चा, आजचा १९७९चा. संरक्षित यादीत नाव चढलं की सरकारी परवानगीवाचून हात लावणं गुन्हा. यादीची कसोटी मला फार पटते. जमिनीत रोवलेला क्रूस बहुधा संरक्षणाला पात्र धरतात. वगळतात तो अगदी मोडकळलेला आणि मूळ जागेवरून हललेला. वाट दाखवणारा दगड संग्रहालयात नेऊन ठेवला, तर तो कुठली वाट दाखवणार?

वांद्र्याच्या, वसईच्या गल्ल्यांतही क्रूस आहेत. ते एवढे जुने नाहीत. वांद्र्यातले कित्येक १८९६च्या प्लेगच्या काळातले. रस्तारुंदीत ते ‘थोडे बाजूला सरकवू’ असं कुणी म्हणालं, तर श्रोतेहो, आधी ही जागेची कसोटी त्याच्यापुढे मांडा.