सोलर बसवण्याआधी लाईट बिल घेऊन बसू या

लांजा तालुक्यातल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्ही बायका आज तुमच्याशी बोलतोय. गटाची बैठक संपली, वही मिटली की हल्ली कुणीतरी विचारतंच, "ताई, छपरावर सोलर फुकट मिळतो म्हणतात, फॉर्म भरू काय?" त्या प्रश्नाचं उत्तर आज नीट देतो.

फॉर्म जरूर भरा, पण फुकट हा शब्द आधी बाजूला ठेवा. प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. तिच्या नावात मोफत आहे ती वीज. संच मोफत नाही, संचाला अनुदान आहे. 1 किलोवॉटला 30,000 रुपये, 2 किलोवॉटला 60,000 आणि 3 किलोवॉट किंवा त्याहून मोठा बसवला तरी जास्तीत जास्त 78,000. हे अनुदान ठरवताना सरकारने 3 किलोवॉटचा खर्च 1,45,000 रुपये धरला आहे. म्हणजे त्या हिशेबानेही 67,000 रुपये आपल्या पदरचे जातात. कुणी यापेक्षा बराच जास्त दर सांगितला तर जास्त कशाचे ते विचारायचं.

दुसरी गोष्ट, अनुदान आधी मिळत नाही. संच बसतो, महावितरणची तपासणी होते, नेट मीटर लागतो आणि मग ते पैसे अर्जदाराच्या बँक खात्यात येतात. तोवर बसवणाऱ्याला पैसे आपणच द्यायचे. 3 किलोवॉटपर्यंत बँका तारण न घेता कर्ज देतात. पण हप्ता सुरू होतो तो आपल्या नावावर, हे सही करण्याआधी घरात सगळ्यांसमोर बोलून घ्या.

ज्यांचा वापर थोडा आहे त्यांच्यासाठी राज्य सरकारने 2025 मध्ये 'स्मार्ट' नावाची योजना आणली. महिन्याला 100 युनिटपेक्षा कमी वापर असलेली आणि दारिद्र्यरेषेखालची घरं तिच्यात बसतात. 1 किलोवॉटच्या संचाला केंद्राच्या अनुदानावर राज्य आपली भर घालतं. त्यामुळे दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला 2,500 रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला 5,000 आणि सर्वसाधारण गटाला 10,000 रुपये भरावे लागतात. घरांची संख्या ठरलेली आहे, तेव्हा आपल्या भागात जागा शिल्लक आहे का ते महावितरणच्या कार्यालयात जाऊन विचारा.

आता लाईट बिल हातात घ्या. त्यावर वर्षभराचा वापर महिन्यामहिन्याने छापलेला असतो. 1 किलोवॉटचा संच चांगल्या उन्हात महिन्याला साधारण 100 ते 120 युनिट देतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे सूर्य किती दिसतो ते तुम्हाला सांगायला नको, तेव्हा वीज खूपच कमी होते. नेट मीटरमुळे उन्हाळ्यात जास्त झालेले युनिट पुढे जमा राहतात. पण वर्षाअखेर जे उरतात त्यांना आपण वीज घेतो त्या भावाने पैसे मिळत नाहीत. म्हणून ज्या घरात दोन पंखे, टीव्ही, मिक्सर आणि एक फ्रिज आहे, त्या घराला 3 किलोवॉट घ्यायला लावणारा माणूस आपला फायदा बघत नाही.

त्याच बिलावर नाव कोणाचं आहे तेही बघा. आपल्याकडे खरी अडचण इथेच येते. मीटर सासऱ्यांच्या नावावर, सासरे जाऊन दहा वर्षं झाली, दीर मुंबईला आणि बिल भरते सून. अर्ज बिलावरच्या नावाने होतो आणि अनुदानही त्याच ग्राहकाच्या खात्यात जातं. नाव बदलायला वारसांची संमती लागते. गणपतीला किंवा शिमग्याला चाकरमानी घरी येतात, तेव्हा ते कागद करून घ्या. जमलं तर मीटर घरात राहणाऱ्या बाईच्या नावावर करा.

मग बसवणारा निवडायचा. योजनेच्या पोर्टलवर नोंद असलेल्यांचीच यादी असते, यादीबाहेरच्याकडून बसवला तर अनुदान नाही. निदान तिघांकडून लेखी दर घ्या आणि तिघांनाही हेच विचारा.

पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच आहेत ना? अनुदानाला ती अट आहे, तेव्हा ते बिलावर लिहून हवं. पॅनलची हमी सहसा 25 वर्षांची असते, इन्व्हर्टरची किती वर्षांची? योजनेच्या नियमाप्रमाणे पाच वर्षं देखभाल बसवणाऱ्याने करायची, तर बिघाड झाल्यावर माणूस येणार कुठून, लांज्यातून, रत्नागिरीतून की पुण्यातून?

छपराचं काय करणार? नळ्यांची किंवा मंगलोरी कौलं असतील तर वासे-रिपा वजन घेतील का, ते वर चढून बघितल्याशिवाय दर देऊ नका म्हणावं. स्लॅबला भोकं पाडली तर गळती कोण बंद करणार? लोखंडी सांगाड्याला जस्ताचा मुलामा आहे का? 2020 चं निसर्ग आणि 2021 चं तौक्ते वादळ आपण विसरलेलो नाही, सांगाडा किती वाऱ्याला टिकेल ते लिहून द्यायला सांगा. अर्थिंग आणि वीज पडण्यापासूनचं संरक्षण दरात धरलंय का तेही विचारा. फणसाची नाहीतर माडाची सावली दुपारी कुठे पडते ते मात्र तुम्हीच दाखवा, कारण 1 किलोवॉटला सुमारे 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते.

एक गोष्ट बरेच बसवणारे सांगत नाहीत. बाहेरची लाईट गेली की हा साधा संचही बंद पडतो, भर उन्हात असला तरी. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. लाईट गेल्यावर दिवे हवे असतील तर बॅटरीचा संच लागतो, त्याचा खर्च वेगळा आणि बॅटरीवर अनुदान नाही. पावसाळ्यात दोन-दोन दिवस अंधारात काढणाऱ्या वाडीत हे कळल्याशिवाय कुणी पैसे देऊ नयेत.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या, थोडे ठरवताना, थोडे सामान आल्यावर आणि शेवटचा हप्ता नेट मीटर लागल्यावर. रोख नको, खात्यातून द्या आणि पावती घ्या. अर्ज बसवणाऱ्याने भरला तरी मोबाईल नंबर तुमचा, पासवर्ड तुमचा, ओटीपी कुणाला सांगायचा नाही. तक्रार असेल तर महावितरणचा 1912 हा नंबर आहे.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात मान्याचीवाडी नावाचं छोटं गाव आहे. 2024 मध्ये ते राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. आपल्या वाडीलाही सगळ्यांनी मिळून विचार करता येईल. पाच-सहा घरं एकत्र गेली तर दरही नीट बोलता येतो आणि दुरुस्तीला माणूसही लवकर येतो.

तर पुढच्या बैठकीला येताना बचतीच्या पैशाबरोबर लाईट बिल घेऊन या. प्रत्येकीचा वापर वहीत लिहू, बिल कोणाच्या नावावर आहे ते लिहू आणि मग ठरवू की कुणी बसवायचा, केवढा बसवायचा आणि कुणी अजून थांबायचं. थांबणं हाही हिशेबच आहे.