ऐकणारे माणूस हवे आहे

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

एक सहायक शिक्षक, बी.ए., बी.एड.



दरवर्षी या मेळाव्यात गुणवंतांचा सत्कार होतो आणि त्यानंतर आमच्यापैकी कोणीतरी उठून डॉक्टरकी, इंजिनिअरिंग, फार्मसी, डी.एड. अशा वाटा सांगतो. गेल्या वर्षी ते काम मीच केले. यंदा एकाच वाटेबद्दल बोलण्याची परवानगी मी अध्यक्षांकडून मागून घेतली आहे. सातारा-सांगली भागात आपल्या समाजातून या वाटेने गेलेला मुलगा किंवा मुलगी मला तरी अद्याप भेटलेली नाही. ही वाट आहे मानसोपचाराची. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या मनाचे दुखणे ऐकून घेणारा आणि त्यावर शास्त्रीय उपचार करणारा माणूस आपल्यातून तयार व्हावा, एवढाच माझ्या बोलण्याचा विषय आहे.

हा विषय माझ्या मनात का शिरला, ते आधी सांगतो. मी पूर्वी ज्या शाळेत होतो तेथे नववीत एक मुलगा होता. वडील टेम्पो चालवीत. मुलगा बीजगणितात चांगला होता. दिवाळीनंतर तो मागच्या बाकावर जाऊन बसू लागला. गृहपाठ बंद झाला, डबा न खाता परत जाऊ लागला. मी काय केले? दोनदा उभे करून रागावलो, तिसऱ्यांदा वहीत ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा लिहिला. घरच्यांना वाटले नजर लागली. ताईत आला, उतारा झाला, थोडा मारही झाला. परीक्षेच्या आत मुलाने शाळा सोडली. पुढे काही वर्षांनी सांगलीच्या एस.टी. स्टँडवर तो मला भेटला. तब्येत सुधारली होती, मिरजेला औषध चालू होते. चहा पिताना तो म्हणाला, “सर, मला वाटायचं मी वेडा होत चाललोय. पण ते कुणाला आणि कोणत्या शब्दांत सांगायचं तेच कळत नव्हतं.” माझा शेरा त्याला आठवत होता का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

बंधूंनो, असा मुलगा एखादाच असतो, या भ्रमात राहू नका. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 साली देशाचे मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात 13 ते 17 या वयातील शंभरांपैकी सुमारे सात मुलांना मनाचा काही ना काही आजार आढळला. साठ मुलांच्या वर्गात चार. त्याच सर्वेक्षणाने दाखवले की ज्यांना उपचाराची गरज आहे त्यांच्यापैकी बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मनाच्या आजारांपैकी निम्मे आजार अठराव्या वर्षापर्यंत सुरू होतात. म्हणजे ज्या वयात मूल आमच्यासमोर बाकावर बसलेले असते त्याच वयात. सन 2022 मध्ये देशात 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि राज्यवार यादीत आपला महाराष्ट्र सर्वांत वर होता. आपल्या कृष्णाकाठाचे म्हणाल, तर 2019 च्या ऑगस्टमधील महापुरानंतर पाऊस जोरात लागला की खिडकीबाहेर बघत राहणारी मुले मी स्वतः पाहिली आहेत. त्या घरांना धान्य मिळाले, चादरी मिळाल्या. त्या मुलांना मात्र कोणी काही विचारले नाही.

आता या क्षेत्रात कोण काय करतो, ते समजून घेऊ. कारण आपल्याकडे सगळ्यांना मिळून एकच नाव आहे, ‘वेड्यांचा डॉक्टर’. मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. होऊन पुढे एम.डी. झालेला डॉक्टर असतो. तो औषध देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. चाचण्या घेतो, निदान करतो आणि बोलण्यातून उपचार करतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे व्हावी लागते. समुपदेशक शाळेत, महाविद्यालयात किंवा दवाखान्यात बसून मुलांच्या अडचणींत त्यांना साथ देतो आणि दुखणे आपल्या आवाक्याबाहेरचे दिसले की वेळीच पुढे पाठवतो. मानसिक आरोग्याचे शिक्षण घेतलेला समाजकार्यकर्ता घर आणि दवाखाना यांना जोडतो.

बोलण्याने कसा उपचार होतो, असे मला एका पालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. नापास झालेला मुलगा म्हणतो, “मी नापास झालो, म्हणून मी कवडीमोलाचा.” आपण म्हणतो, “असं बोलू नये.” झाले, संपले. उपचार करणारा तसे म्हणत नाही. नापास होणे ही घटना, कवडीमोल असणे हा तिच्यावर लावलेला अर्थ. या दोहोंची फारकत तो मुलाकडूनच, आठवड्यामागून आठवडा, करवून घेतो. मुलाला गृहपाठही देतो. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडलेली ही विवेकनिष्ठ उपचारपद्धती प्रा. कि. मो. फडके यांनी आपल्या महाराष्ट्रात रुजवली आणि मराठीतून समजावून सांगितली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली मनाच्या आरोग्यासाठी संस्था उभी केली. आपल्या साताऱ्यातही ‘परिवर्तन’ या संस्थेचे व्यसनमुक्तीचे आणि मानसिक आरोग्याचे काम चालते. तेव्हा हे काही परक्या मुलखातले शास्त्र नव्हे.

मग आपल्यातीलच माणूस का हवा? उपचार करणारा कोणत्याही धर्माचा असला तरी चालतो, हे मी आधीच स्पष्ट करतो. माझ्या त्या विद्यार्थ्याला बरे करणारे डॉक्टर आपल्या समाजाचे नव्हते. परंतु आपले मूल शाळेत मराठी बोलते, घरात दखनी बोलते आणि रडते तेही दखनीतच. ‘जी घबराता’, ‘दिल नै लगता’ असे आई सांगते तेव्हा त्यातले हृदयाचे दुखणे कोणते आणि मनाचे कोणते, हे त्या बोलीत वाढलेल्याला चटकन उमगते. दुसरे उदाहरण वसवशाचे घ्या. वजू नीट झाली नाही या शंकेने एखादी मुलगी नळाखाली अर्धा अर्धा तास हात-पाय धूत राहते, नमाज पुन्हा पुन्हा सुरुवातीपासून पढते. घरचे म्हणतात, पोरगी फार परहेजगार आहे. बाहेरचा माणूस एक तर धर्मालाच दोष देईल, नाही तर संकोचाने गप्प बसेल. वजू किती वेळात होते हे ज्याला ठाऊक आहे आणि हा एक ओळखता येणारा, बरा होणारा आजार आहे हेही ज्याला ठाऊक आहे, असा माणूस त्या मुलीला हवा.

यात एक अडचणही आहे, ती लपवून चालणार नाही. आपल्या मोहल्ल्यात बातमी झाकून राहत नाही. “तिला मानसोपचारवाल्याकडे नेलं होतं” एवढे एक वाक्य रिश्ता मोडायला पुरते. म्हणून आपल्यातल्या उपचारकाचे तोंड इतरांहून अधिक घट्ट मिटलेले असावे लागेल. गुप्तता हा या पेशाचा पहिला नियम आहे. जिवाला धोका दिसला तरच, आणि आवश्यक तेवढ्याच माणसांना, सांगायचे. नात्यातल्यांवर स्वतः उपचार करायचे नाहीत, हा दुसरा. चुलत्याने दारात गाठून “आमच्या पोराचं काय निघालं?” म्हणून विचारले तरी हसून विषय बदलता आला पाहिजे. आपल्या भागात हे सोपे नाही!

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, दुआ आहे, दर्गा आहे, हे नवे खूळ कशाला? मी दुआ सोडा म्हणत नाही. पण बल्खचे अबू झैद अल-बल्खी हे विद्वान, ज्यांचा इंतकाल इ.स. 934 मध्ये झाला, त्यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात राग, भीती, दुःख आणि वसवसा यांचा वेगवेगळा विचार आहे. शरीराच्या अचानक दुखण्यासाठी माणूस औषध जवळ ठेवतो, तसे मनाच्या अचानक दुखण्यासाठी चांगले विचार आधीच साठवून ठेवावेत, असे ते सुचवतात. हजाराहून अधिक वर्षांपूर्वी! खूळ नवे नाही, आपणच विसरलो. आणि दवेवाचून काय होते तेही पाहा. तामिळनाडूत एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी दर्ग्याजवळच्या एका खाजगी निवाऱ्याला आग लागली. साखळदंडांनी बांधून ठेवलेल्या 25 हून अधिक मनोरुग्णांना पळताही आले नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने माणसाला असे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. उलट गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून ‘दवा आणि दुआ’ असा उपक्रम सुरू झाला. मुजावर दुआ करतात आणि रुग्णाला आवारातल्याच डॉक्टरांकडेही पाठवतात.

विद्यार्थी मित्रांनो, आता वाट सांगतो. बारावी कोणत्याही शाखेची चालते. “आर्ट्सला गेला म्हणजे वाया गेला” हे वाक्य पालकांनी निदान आजपुरते बाजूला ठेवावे. बी.ए.ला मानसशास्त्र घ्यावे. शिवाजी विद्यापीठाच्या अनेक महाविद्यालयांत हा विषय आहे. पुढे एम.ए. मानसशास्त्र, किंवा समाजकार्याची वाट धरायची असल्यास एम.एस.डब्ल्यू. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे असेल तर पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतूनच शिक्षण हवे. या अभ्यासक्रमांची रचना अलीकडे बदलत आहे, म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीची परिषदेची यादी डोळ्यांनी पाहा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. मुलींच्या पालकांना विशेष सांगणे आहे. घरी बसून पत्रद्वारा शिकवण्याकडे आपला कल असतो. परंतु 2025 च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राच्या दूरशिक्षणातील नव्या प्रवेशांना मनाई केली आहे. मुलीला या वाटेने जायचे असेल तर तिला कॉलेजात, कदाचित पुण्या-मुंबईच्या वसतिगृहातही, पाठवावे लागेल. आणि दोन महिन्यांत समुपदेशक बनवणाऱ्या जाहिराती दिसतात, त्यात पैसे घालवू नका. कापायला शिकवून टाके घालायला न शिकवणाऱ्या त्या शाळा आहेत.

पात्रता म्हणाल तर गुणांपेक्षा एक गोष्ट मोठी आहे. समोरच्याचे बोलणे मध्येच न तोडता ऐकता आले पाहिजे. ज्यांना सल्ला देण्याची फार हौस आहे त्यांनी दुसरा पेशा पाहावा. आम्ही शिक्षक मंडळी बहुधा या परीक्षेत नापास होऊ.

“यात पोट भरते का?” हा प्रश्न येणारच. सुरुवातीला कमाई बेताची असते, शाळांतल्या नेमणुका पुष्कळदा कंत्राटी असतात, शिक्षणाला पाच-सहा वर्षे लागतात. हे मी लपवत नाही. पण 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. आपल्या संस्थेची पटसंख्या तुम्हांला ठाऊक आहे. ती जागा भरायची तर माणूस कोठून आणणार, याचा विचार व्यासपीठावरील मंडळींनीही करावा. एका विद्यार्थ्याची पाच वर्षांची फी संस्थेने उचलावी, अशी सूचना मी लेखी दिली आहे. अजून उत्तर आलेले नाही.

तोपर्यंत घरात एखादे मूल जेवेनासे, झोपेनासे, बोलेनासे झाले असेल, किंवा मरणाची भाषा करीत असेल तर थांबू नका. 14416 हा सरकारचा टेलि-मानस दूरध्वनी रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला दूर नाहीत. सोबत कोणी नसेल तर मी येतो.

आणि बारावीच्या ज्या मुलामुलींना हे ऐकून पुढे काही विचारावेसे वाटले असेल, त्यांनी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत यावे. गुणपत्रिका आणावी, जमल्यास अम्मी-अब्बांनाही आणावे. या वेळी मी आधी ऐकून घेईन.