मोटर चालू करणारे दोन सूर

श्रीपूरहून तुमची बचत गटाची ताई बोलतेय.

आपल्या भागात उसाला पाणी द्यायचं तर थ्री फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री. पाळी रात्रीची असली की कुणाला तरी बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागतं. घरधनी गावाला गेलेले असले, तर ते 'कुणीतरी' म्हणजे आपणच. म्हणून बऱ्याच घरांनी आता स्टार्टरला मोबाइलचा डबा जोडलाय. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' हे त्यातलं नावाजलेलं यंत्र. 2009 मध्ये त्याला नोकियाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीस मिळालं.

काही डबे मिस्ड कॉलवर चालतात, काही ॲपवर. पण ज्यात फोन लावून आकडा दाबायचा असतो, तो डबा नेमकं काय ऐकतो? दोन सूर, एकाच वेळी. 1 दाबला की एक सूर सेकंदाला 697 कंपनांचा, दुसरा 1209 चा. 5 ला 770 आणि 1336. बटणांच्या प्रत्येक आडव्या ओळीला एक जाड सूर दिलाय, उभ्या ओळीला एक बारीक. दोन्ही जुळवले की आकडा कळतो. एकच सूर का नाही? तो बोलण्यात, शिट्टीत सहज निघून जातो. ठरलेले दोन एकदम निघणं अवघड. नाहीतर शेजारी कुणी शीळ घातली तरी मोटर सुरू व्हायची! 1963 मध्ये अमेरिकेत टेलिफोनसाठी ही पद्धत आली. बँकेच्या फोनवर "मराठीसाठी अमुक दाबा" म्हणतात, तिथंही हेच.

हे सूर विहिरीपर्यंत नेतात रेडिओ लहरी. लहर म्हणजे ट्रॉली आणि सूर म्हणजे तिच्यातला ऊस, असं मी समजते; मी बी.ए. झालेली, विज्ञानवाली नव्हे. म्हसवडचं माणदेशी तरंग लागतं 90.4 मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 9 कोटी 4 लाख कंपनं. मोबाइलचा एक पट्टा 900 मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे 90 कोटी. जुने डबे 2जीवर चालतात आणि 2जी प्रत्येक कंपनीकडे नाही. तेव्हा सिम घेण्याआधी दुकानात विचारा. त्या सिमचा रिचार्ज संपला तर डबा बहिरा झालाच म्हणून समजा.

आता मला खरं विचारायचंय ते हे. डब्यात नंबर कुणाचा नोंदवलाय? बहुतेक घरांत एकट्या कारभाऱ्यांचा. ते पंढरपूरला, फोन त्यांच्या खिशात, आणि आपण अंधारात बांधावरून चाललोय. बऱ्याच डब्यांत एकापेक्षा जास्त नंबर बसतात. आपला नोंदवून घ्या.

मात्र दोघांच्या हातात बटण आलं की एक धोका वाढतो. एकजण मोटरीवर काम करतोय आणि दुसऱ्यानं घरून चालू केली, असं होऊ शकतं. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी मेन स्विच पाडायचा. नुसतं फोनवर सांगून भागायचं नाही.

डब्यासोबत पुस्तिका मिळते, नंबर कसा घालायचा ते तिच्यातच असतं. पुढच्या बैठकीला घेऊन या. इंग्रजीत असली तरी आणा, मिळून लावू अर्थ.