मधुमालतीची पाठवणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पंधरा दिवसांमागे आपल्या चिटणीसबाई आमच्या घरी आल्या आणि "वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे" एवढे सांगून, चहासुद्धा न घेता निघून गेल्या. मी सातवी शिकलेली बाई. मोठ्या विषयावर काय बोलणार? तेव्हा आमच्या परसातल्या मधुमालतीची हकिगत सांगते. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी तिची फुले नेली आहेत.

ही वेल माझ्या सासूबाईंनी लावली. त्या जत तालुक्यातल्या. १९७२ च्या दुष्काळाची झळ सोसून १९७३ साली लग्न होऊन सांगलीला, गावभागातल्या या घरात आल्या. येताना माहेरच्या कुंपणातली एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि मागच्या भिंतीशी खोचली. भांडी विसळलेले पाणी घालून जगवली. पुढे घरातली सगळी मुले तिच्याच सावलीत रांगली.

मधुमालतीचे फूल संध्याकाळी उमलते तेव्हा पांढरे असते. दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि त्यानंतर तांबडे. माझी मुलगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. ती म्हणते, पांढऱ्या फुलाच्या लांब नळीतला मध प्यायला रात्री मोठे पतंग येतात आणि रंगीत फुलांवर दिवसा मधमाश्या व फुलपाखरे येतात. सासूबाईंना हे पुस्तकातले ठाऊक नव्हते. पण एकाच घोसाकडे बोट दाखवून "हे आजचे, हे कालचे, हे परवाचे" असे त्या नातवंडांना शिकवीत.

सात-आठ वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, हे आम्हांला उशिरा कळले. (भगिनींनो, चाळिशी उलटली की डोळ्यांतला दाब तपासून घ्या, हे जाता जाता सांगते.) तेव्हापासून त्या रोज मागच्या दारात बसत. वास सुटला की हाक मारीत, "दिवे लावणीची वेळ झाली गं!" त्यांचे घड्याळ म्हणजे ती वेल.

आणि वेल तर माजली होती! बुंधा माझ्या दंडाएवढा. भिंतीवरून कौलांवर आणि कौलांवरून पलीकडच्या वहिनींच्या घरावर. पन्हळ तिच्या पाल्याने तुंबायची आणि पाणी भिंतीत मुरायचे. मी दरवर्षी कोयता घेऊन छाटायची; पण छाटली की दुप्पट जोमाने फुटायची. तिला फूल नव्या फुटीवरच येते, त्यामुळे छाटणी म्हणजे तिला खुराकच. मुळांतून निघालेले फुटवे फरशीच्या सांध्यांतून वर येत. २०१९ च्या ऑगस्टातला महापूर तुम्हां सर्वांच्या आठवणीत आहे. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेले ५७ फुटांच्या वर. आमच्या घरात ओटा बुडाला, भिंतीचे पोपडे निघाले. ही मात्र गाळातून जशीच्या तशी वर आली. तेव्हा आम्ही सगळी तिच्याकडे पाहून रडलो होतो. मग तिच्यावर कोयता कोण चालवणार?

२०२४ च्या पावसाळ्यात त्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. भिंत आमची आणि वहिनींची सामाईक. वहिनी कधी तक्रारीचा शब्द बोलल्या नाहीत. इतकी वर्षे अंगणात पडलेला पाला मुकाट्याने झाडीत. एके दिवशी इतकेच म्हणाल्या, "नातवाची खाट त्या भिंतीशी होती, ती हलवली हो मी." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आपल्या हौसेपायी दुसऱ्याच्या लेकराची खाट हलली! गवंड्याला बोलावले. त्याने भिंतीवर हात मारून सांगितले, "वैनी, एक तर भिंत ठेवा नाही तर वेल ठेवा. पुढचा पावसाळा ही काढणार नाही."

आता सासूबाईंना सांगायचे कोणी? आमच्या घरातून तोड निघाली ती अशी, की त्यांना आठ दिवस मिरजेला नणंदेकडे धाडावे आणि पाठीमागे वेल काढावी. मीही "बरे" म्हटले. खोटे कशाला बोलू? मला ती तोड सोयीची वाटली.

पिशवी भरली. रात्री त्यांच्या पायांना तेल लावीत होते. त्या म्हणाल्या, "मिरजेहून येताना वाटेत कोणी सांगणार होतात, की दारात आल्यावर मीच ओळखायचे?" माझा हात थांबला. "डोळे गेलेत गं, कान आहेत. गवंडी काय बोलला ते मी ऐकलंय. भिंत पडायला आली तर वेल काढायलाच हवी. पण मला न सांगता काढू नका."

त्या रात्री मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. भगिनींनो, म्हाताऱ्या माणसाला दुःख होऊ नये म्हणून आपण त्याच्यापासून गोष्टी लपवतो, असे म्हणतो खरे. माझ्यापुरते सांगायचे तर, त्यांचे रडणे मला बघायला लागू नये म्हणून मी लपवत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच कामाला लावले. फाल्गुन महिना होता. जमिनीलगतच्या लांब फांद्या हाताने चाचपून निवडल्या. पेराखाली साल बोटभर खरवडायची, तेवढा भाग कुंडीतल्या ओल्या मातीत पुरायचा, वर विटेचा तुकडा ठेवायचा आणि माती सुकू द्यायची नाही. याला दाब कलम म्हणतात. विळी माझ्या हातात आणि माझा हात त्यांच्या हातात, अशी आम्ही अकरा कलमे बांधली. दीड-दोन महिन्यांत नऊंना मुळ्या फुटल्या, दोन वाळली.

२०२५ च्या अक्षय्य तृतीयेनंतर वेल काढली. आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी बुंध्याला हळदकुंकू वाहिले, दहीभात ठेवला आणि कान लावून थोडा वेळ उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते मी विचारले नाही. गडी दोन दिवस तोडत होते. भिंत नव्याने बांधली, खर्च दोन्ही घरांनी निम्मा निम्मा सोसला. वहिनींच्या नातवाची खाट परत जागेवर गेली.

पण त्यानंतर महिनाभर संध्याकाळी त्या दारात बसून विचारीत, "दिवे लावलेस का गं?" पूर्वी त्या सांगत आणि मी ऐकत असे; आता मला सांगावे लागे. तेवढे मात्र मला फार लागे.

नऊ कलमांपैकी सात या गल्लीत गेली. त्यांतले एक वहिनींनी मागून नेले. एक आमच्या दाराशी मोठ्या कुंडीत आहे. भाद्रपदात तिला पहिला घोस आला, जेमतेम सहा-सात फुलांचा. त्या दिवशी मी कणीक मळत होते. मागून हाक आली, "अगं, दिवे लाव!"

आता दोन कामाच्या गोष्टी. मधुमालती भिंतीशी किंवा पन्हळीखाली लावू नका. कुंपणावर, मोकळ्या मांडवावर किंवा कुंडीत लावा. बहर ओसरला की छाटा आणि मुळांतून येणारे फुटवे लहान असतानाच काढा. नववे कलम माझ्याकडे अजून शिल्लक आहे. ज्यांच्याकडे मोकळी जागा असेल त्यांनी न्यावे. येताना थोडा वेळ काढून या. लावायचे कसे ते सासूबाई स्वतः सांगतील. त्यांना ते सांगायला आवडते.