नाट्यपदाला हलगी लागली म्हणून कुणाला विटाळ झाला?

(रिहे, ता. मुळशी इथल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



आत्ता पोरांनी काय वाजवलं ते तुम्ही ऐकलं. ‘मानापमाना’तलं पद. खाली हलगी, वर सॅक्सोफोन. काहींनी टाळ्या वाजवल्या, काही गप्प बसले. मला या गप्प बसलेल्यांशी बोलायचंय.

हेच पद आम्ही मागं एका स्पर्धेत गायलो. परीक्षक म्हणाले, ‘आवाज चांगलाय, पण तुम्ही नाट्यपदाचं पावित्र्य घालवलंत.’ चिडून वस्तीत परत आलो, तर आमचे एक म्हातारे कार्यकर्ते दारातच उभे. म्हणाले, ‘जी हलगी आम्ही गळ्यातून काढून फेकली, ती तुम्ही परत घालताय? अन् गाणं तरी कुणाचं? भटाचं!’ परीक्षकाचं बोलणं मी थुंकून टाकलं. बाबांचा सवाल अजून उरात सलतोय. आज दोघांनाही जाहीर जबाब देतो.

आधी पावित्र्याचं बघू. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ उभं केलं. त्यातल्या चाली काय आभाळातनं पडल्या? साकी-दिंडी कीर्तनातली, लावणीची चाल तमाशाच्या फडातली. पुढं १९११ला ‘मानापमान’ आलं. गोविंदराव टेंब्यांनी चाली बांधल्या त्या पूरबच्या ठुमरी-कजरीच्या वळणावर. कोठीवर बसणाऱ्या बायांच्या गळ्यातलं ते गाणं. त्या बायांना सभ्य घरात कुणी पाणी विचारलं नसतं, पण त्यांची चाल मात्र सभ्य झाली! १९१६च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांच्या चाली, आणि बखलेबुवांची तालीम अल्लादियाखाँ, नत्थनखाँ अशा मुसलमान उस्तादांकडची. साथीला ऑर्गन, तो विलायतेचा. हार्मोनियमवर तर आकाशवाणीनं १९४० ते १९७१ बंदी घातली होती. का? तर पेटी परकी, तिच्यात मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत. आज पेटीवाचून किती मैफली बसतात ते सांगा.

म्हणजे हिशोब असा, की चाल खालून वर गेली तर संस्कार आणि वरून खाली आली तर विटाळ. हा संगीताचा नियम नाही. हा पाणवठ्याचा नियम आहे.

आता सॅक्सोफोन. लोक विचारतात, हे जॅझबिझ अमेरिकेतलं खूळ रिह्यात कशाला? अरे, ते आपल्या वस्तीत कधीपासून आहे! माझा बाप लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. वरातीपुढं रात्रभर फुंकायचा, आणि जेवायला पंगतीबाहेर, मांडवाच्या मागं. तिकडं न्यू ऑर्लीन्स शहरात काळ्या माणसांचे बँड असेच मिरवणुकीत आणि मयताला वाजवत चालायचे. जॅझ वाढलं ते अशा रस्त्यावरच्या बँडांतून. वाजवणाऱ्याचं काळीज दोन्हीकडं तेच आहे.

त्यांच्यात जॉन कोल्ट्रेन नावाचा सॅक्सोफोनवाला होऊन गेला. १९५९ला न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर एक संगीत नाटक आलं, गोऱ्यांचं, पैसेवाल्यांचं. त्यातलं एक गोड, पोरांसाठीचं गाणं त्यानं १९६०ला उचललं. तंबोऱ्यासारखा एकच गुंजारव खाली धरला आणि त्यावर जवळजवळ चौदा मिनिटं ते गाणं उलगडत नेलं. चाल ओळखू येते, पण आता ती त्याची झालीय. हा माणूस रविशंकरांची सतार ऐकायचा. पोराचं नावच त्यानं रवी ठेवलं. म्हणजे त्यांनी आपलं घेतलं, आपण त्यांचं घेतलं. १९७२ला मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव काळ्या पँथरांकडून घेतलं, तेव्हा कुणाला लाज वाटली? मग सुरांचीच का वाटावी?

आता बाबा, तुमचा सवाल.

तुमचं खरं आहे. हलगी आपल्याला कुणी हौसेनं दिली नव्हती. पाटलाचा निरोप आला की वाजवायची. दवंडीला वाजवायची, जत्रेला वाजवायची, आणि देवळाबाहेर उभं राहायचं. गावोगाव आपल्या माणसांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, येसकरकी सोडली, तशी हलगीही सोडली. त्यापायी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. ते विसरून जो हलगी वाजवेल तो नुसता तमासगीर.

पण बाबा, तुम्ही सोडला तो हुकूम. कातड्याचा काय गुन्हा? १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांनी जलसे उभे केले, ते तमाशाच्याच साच्यातून. ढोलकी तीच ठेवली, आतला माल बदलला. अण्णाभाऊंनी तमाशातली गवळण काढली, गणात देवाच्या जागी हुतात्म्यांना मुजरा घातला. त्यांनी वाद्य टाकलं नाही, मालक टाकला.

आणि हेच पद का? ‘मानापमाना’त धैर्यधर गरीब म्हणून भामिनी त्याला नाकारते. शेवटी त्याचा पराक्रम दिसतो, अपमान मिटतो, लग्न लागतं. प्रेक्षक खूश होऊन घरी जातो. आपला अपमान पडदा पडला म्हणून संपत नाही. म्हणून आमच्या गाण्यात शेवटची तान नाही. शब्द संपतात, सॅक्सोफोन थांबतो, हलगी मात्र वाजत राहते. परीक्षकाला तेच झोंबलं असणार!

एक गोष्ट मात्र आपणही पाळायची. घेतलं त्याचं नाव सांगायचं. या मुळशीच्या डोंगरात हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ जात्यावरच्या ओव्या गोळा करत हिंडले. पुढं हजाराहून जास्त गावांतल्या लाखभर ओव्या जमल्या. ओवीपुढं बाईचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, पण ती नावं राहिली. नाही तर उद्या कुणी शहरी पोरगं आमच्या आयांच्या ओवीवर गिटार घालील आणि खाली लिहील, ‘पारंपरिक’. पारंपरिक म्हणजे काय रे? तिला नाव नव्हतं का? आपण टेंब्यांचं नाव घेऊन त्यांचं पद गातो. उद्या ओवी गाणारांनी आमच्या आईचं नाव घ्यावं, एवढंच मागणं आहे.

आता पोरं पद परत वाजवणार आहेत. बाबा, तुम्ही पुढं या. ठेका तुम्ही धरा. हुकूम कुणाचा नाही. वाटलं तर वाजवा, नाही वाटलं तर तिथंच खाली ठेवा.

जयभीम!