रस्त्याचा पैसा कोणाच्या हाती?



अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक आपण रात्र जागून पाहतो. मी ज्या निवडणुकीविषयी बोलणार आहे, तिचा निकाल आपल्या वर्तमानपत्रांत सहसा येत नाही. ती काउंटी कमिशनरची. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण वरून नेमलेला कलेक्टर तिथे नाही. राज्यागणिक रीत बदलते. तरी पुष्कळ ठिकाणी रस्ते, तुरुंग, मालमत्ता कर हे सारं लोकांनी निवडलेल्या कमिशनरांचं मंडळ पाहतं. जिल्हा परिषदेच्या गटांसारखे तिथेही भाग पाडतात, आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

टेक्सासमधल्या मिडलंड काउंटीचे चार भाग होते. एकात ६७,९०६ माणसं; उरलेल्या तिन्हींत ८५२, ४१४ आणि ८२८. जवळजवळ अख्ख्या शहराला एक कमिशनर आणि भोवतालच्या मोकळ्या मुलखाला तीन! हँक एव्हरी नावाचा मतदार कोर्टात गेला. काउंटीचं काम मुख्यतः ग्रामीण भागाशी निगडित, तेव्हा तिकडे वजन जास्त असलं तर बिघडलं कुठे, असा बचाव होता. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला. एका माणसाचं एक मत हे तत्त्व काउंटीच्या दारापर्यंत आलं.

मग भागच न पाडण्याची युक्ती पाहा. जॉर्जियातल्या बर्क काउंटीत पाचही कमिशनर सगळ्या काउंटीने मिळून निवडायचे. ऐकायला किती समतेचं वाटतं! लोकसंख्येत कृष्णवर्णीय निम्म्याहून अधिक, पण मतदारयादीत मात्र कमी. आणि गोरे मतदार एकगठ्ठा मतदान करणार. खटला उभा राहीपर्यंत एकही कृष्णवर्णीय कमिशनर निवडून आलेला नव्हता. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही पद्धत मोडीत काढली.

तिसरी गोष्ट अलाबामातल्या इटोवा काउंटीची. मला ती सगळ्यांत बोलकी वाटते. तिथे प्रत्येक कमिशनर आपापल्या भागातले रस्ते सांभाळी. त्याची खरी सत्ता तीच. एका खटल्यातल्या तडजोडीनुसार मंडळ सहा जणांचं करायचं ठरलं, भागवार निवडणूक ठरली आणि १९८६ मध्ये लॉरेन्स प्रेस्ली हे कृष्णवर्णीय कमिशनर निवडून आले. झालं! १९८७ मध्ये जुन्या चौघांनी बहुमताने ठराव केला: रस्त्यांची देखरेख आम्हा चौघांकडेच, आणि भागवार विभागला जाणारा रस्त्यांचा पैसा आता एकाच सामायिक निधीत. प्रेस्लींकडे काय आलं? कोर्टाच्या इमारतीची देखभाल. म्हणजे मतं खरी, खुर्ची खरी. खुर्चीसमोरचं टेबल मात्र उचलून नेलेलं.

मतदानाचे नियम बदलायचे तर तेव्हा अलाबामासारख्या काही राज्यांना केंद्राची पूर्वपरवानगी लागे. प्रेस्ली म्हणाले, हा बदलही त्यातलाच आहे. १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. अधिकाऱ्यांमधली सत्तेची वाटणी बदलली, मतदान बदललं नाही, असं बहुमताचं म्हणणं. मला हा भेद कागदापुरता वाटतो. मतदार कमिशनर निवडतो तो आपल्या दारासमोरचा रस्ता नीट व्हावा म्हणूनच ना?

पुढे २०१३ मध्ये, अलाबामातल्याच शेल्बी काउंटीच्या खटल्यात, ही परवानगी कोणाकोणाला लागते ते ठरवणारं कलम सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. त्यामुळे आता मतदानाच्या नियमांतला बदलही आधी सहसा कोणाला दाखवावा लागत नाही; ज्याची तक्रार असेल त्याने नंतर कोर्टात जायचं.