उघड बोली, हमीचा पैसा



भालचंद्र गणपतीच्या या गावात मसालापिके घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या परिषदेचे अध्यक्षपद दिलेत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. लिंबागणेशच्या शिवारात वेलदोडा पिकत नाही. बालाघाटचा कोरडा माळ त्याला मानवत नाही. तरीही आज मी वेलदोड्यावर बोलणार आहे, कारण आपल्या आल्या-हळदीला जे हवे, ते सरकारने वेलदोड्याला कधीच दिले आहे.

१९६५ साली संसदेने वेलदोडा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी वेलदोडा मंडळ स्थापन झाले. १९८६ च्या कायद्याने १९८७ मध्ये मसाला मंडळ उभे राहिले, कोचीला त्याचे मुख्यालय झाले आणि जुने मंडळ त्यात सामावले. त्याच वर्षी वेलदोड्यासाठी परवाना व विक्रीचे नियम आले. मळेवाल्याची नोंदणी, व्यापाऱ्याला परवाना, लिलाव करणाऱ्याकडून परवान्यासोबत तारण. केरळातील पुट्टडी आणि तमिळनाडूतील बोडिनायकनूर येथे २००७ पासून संगणकावर लिलाव होतो. प्रत्येक लॉटला क्रमांक, नमुना खरेदीदारांसमोर, बोली सर्वांना दिसणारी. दिवसाचा सरासरी आणि सर्वात वरचा भाव मंडळ जाहीर करते.

यामुळे मंदी टळत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पुट्टडीत किलोला ७,००० रुपयांपर्यंत बोली गेली; पुढच्या तीन वर्षांत सरासरी भाव हजाराखाली आला. ग्वाटेमालाच्या मालाशी स्पर्धा कायम आहे. पण पुट्टडीच्या मळेवाल्याला आजचा भाव विचारायला कुणाच्या दारात जावे लागत नाही.

आता आपल्याकडे पाहा. मसाला मंडळाच्या यादीत ५२ मसाले आहेत. आले, हळद, मिरची त्यांतच येतात. परंतु लागवडीपासून देशातल्या विक्रीपर्यंत मंडळ पाहते ते वेलदोड्याचेच. आपल्या पिकांच्या वाट्याला येते ते मुख्यतः निर्यातीचे काम. वसमतला हळद संशोधन केंद्र उभे राहत आहे, तिथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झाले. या सर्वांचे मी मनापासून स्वागत करतो. आल्याचे मात्र काय? २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. आता आल्याचा व्यापारी वावरात येतो, जुने आले, नवे आले अशी वर्गवारी स्वतःच ठरवतो, माल भरतो आणि शेतकऱ्याच्या हाती कच्ची चिठ्ठी राहते. पैसे बुडाले तर दाद मागायची कुणाकडे? विक्रीची मोकळीक मला हवीच आहे. पण हमीवाचूनच्या मोकळिकीत सगळी जोखीम शेतकऱ्याच्या अंगावर पडते.

काही जबाबदारी आपलीही आहे. २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने इथिलीन ऑक्साइडच्या कारणावरून काही नामांकित भारतीय मिश्र मसाले बाजारातून मागे घ्यायला लावले. ते रसायन शेतात वापरले जात नाही, पुढच्या प्रक्रियेत येते. तरी परदेशी बाजार आता प्रत्येक टप्प्याचा हिशेब मागतो. शेवटची फवारणी आणि काढणी यांतले अंतर पाळणे, त्याची नोंद ठेवणे, हे आपण आजपासून करू शकतो. नोंदीइतकेच निरीक्षणही आपल्या हाती आहे; संशोधनाची वाटही शेतातून जाते. इडुक्कीच्या सेबॅस्टियन जोसेफ या शेतकऱ्याने निवडलेल्या वेलदोड्याच्या ‘नल्लानी’ वाणाने तिथल्या मळ्यांचे उत्पन्न पालटले.

म्हणून या परिषदेने तीन ठराव करावेत, असे मी सुचवतो. आले आणि हळद खरेदी करणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याची, तो वावरात येवो की मोंढ्यात, तारणासह नोंदणी व्हावी. बीडच्या बाजार समितीत आल्याचा नमुन्यावर उघड लिलाव व्हावा, प्रतवारीचे निकष लेखी असावेत आणि रोजचा भाव फलकावर लागावा. मालातील कीटकनाशकांचे अंश तपासण्याची सोय जिल्ह्यातच मिळावी.

यांत अनुदानाची मागणी नाही. वेलदोड्याच्या मळेवाल्याला जी शिस्त आणि हमी कायद्याने मिळाली, तीच मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला मिळावी, एवढेच आपण मागतो आहोत. हे ठराव एकमताने मंजूर करा. ते घेऊन शासनाच्या दारी जायला मी तुमच्यासोबत आहे.